खापर कोणाचे?

कामगार चळवळीतला माणूस मडक्यांवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींना मौज वाटली असेल. बोनस, महागाईभत्ता आणि संप यांच्या पलीकडे आम्हाला काही ठाऊक असेल अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही, आणि त्यात लोकांचा फारसा दोषही नाही. मी पुराणवस्तुसंशोधनाचा पदवीधर नव्हे. नववीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयात आणि रात्रपाळीच्या मधल्या सुटीत. या विषयाकडे मी आलो तो एका भांडणातून. ते भांडण आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका कौलांच्या कारखान्यात कामाला होतो. मजुरी नगावर मिळे. फुटक्या मालाचे पैसे कापले जात. एका पावसाळ्यात असे झाले की, भट्टीतून धडधाकट निघालेली कौले आठ-दहा दिवसांनी वखारीत पडल्या पडल्या फुटू लागली. पृष्ठभागावरून टिकलीएवढा पापुद्रा उडून जाई आणि खाली पांढरा ठिपका दिसे. मालकांनी सरळ हिशेब केला: माती नीट मळली नाही, कामगारांचा हलगर्जीपणा. खापर आमच्या माथी फुटले आणि तीन महिने मजुरी कापली गेली.

गावात एक निवृत्त शास्त्रशिक्षक होते. त्यांच्याकडे मी पिशवीभर फुटकी कौले घेऊन गेलो. त्यांनी एक तुकडा फोडला, भिंगाखाली धरला, आणि मला पांढऱ्या ठिपक्यावर नख मारून पाहायला सांगितले. पिठासारखा भुगा झाला. तो चुना होता. मातीत चुनखडीचे बारीक खडे असले की भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. तो हवेतली ओल शोषून घेतो, विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. पावसाळ्याची दमट हवा असल्याने हे काम झपाट्याने चालले होते. मग चौकशी केली तेव्हा कळले की, त्या वर्षी माती नेहमीच्या तळ्याची नव्हती. एका नाल्याकाठची स्वस्त माती आणली होती. ते तुकडे आम्ही सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. कापलेली मजुरी निम्मी परत मिळाली. निम्म्यावर तडजोड केली ती माझी चूक, असे मला आजही वाटते.

निघताना गुरुजी म्हणाले की, तुम्ही जे आज केलेत तेच लोक हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या बाबतीत करतात; आणि वाचनालयातून एक पुस्तक काढून दिले. तेव्हापासून हा नाद लागला.

उत्खननात सर्वांत जास्त काय सापडते, असे विचारले तर सामान्य माणूस सोने, नाणी, मूर्ती असे काहीतरी सांगेल. सापडतात ती खापरे; पोत्यांनी सापडतात. याला कारण आहे. धातूचे भांडे मोडले तर वितळवून दुसरे करतात. लाकूड कुजते, कापड विरते. मडके मात्र सहज फुटते, आणि फुटले की त्याचा कोणाला उपयोग नाही, उकिरड्यावर जाते. पण तेथे ते नष्ट होत नाही. वाळलेले कच्चे मडके पाण्यात घातले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. तेच सुमारे सहाशे अंशांपर्यंत भाजले की मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते आणि ती माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. त्या क्षणी मडक्यात जे जे होते ते कायमचे नोंदले जाते: मातीचा प्रकार, त्यातले खडे, घडवणाऱ्याच्या बोटांचा ठसा, आव्यातली आच. राजाने लेख कोरवला तर त्यात राजाला हवे तेच असते. खापरावरची ही नोंद कोणी सांगून करवलेली नाही.

फार दिवसांपर्यंत उत्खनन करणारे मोठ्या वस्तू ठेवीत आणि खापरे फेकून देत. त्यांचे महत्त्व ओळखणाऱ्यांत फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाचे नाव पुढे येते. त्याचेही शालेय शिक्षण झालेले नव्हते, हे मला वाचून बरे वाटले. इजिप्तमध्ये नकादा येथे १८९४-९५ साली त्याला हजारो जुनी थडगी सापडली. लेख नाही, नाणे नाही; आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे कळायला मार्ग नाही. त्याने सुमारे नऊशे थडग्यांतल्या भांड्यांच्या प्रकारांची नोंद पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर केली आणि त्या पट्ट्या मागेपुढे सरकवीत बसला. एका प्रकारच्या बरणीला सुरुवातीला उचलण्यासाठी नागमोडी कान होते. पुढे ते कान लहान होत गेले, मग त्यांनी पकडणे अशक्य झाले, आणि शेवटी बरणीवर नुसती नागमोडी रेघ उरली. उपयोगाची गोष्ट आधी, तिची आठवण नंतर. एवढ्या आधारावर त्याने थडग्यांचा क्रम लावला, आणि तो पुढच्या संशोधनात बव्हंशी टिकला.

परंतु पेट्रीने पाहिला तो भांड्याचा आकार. खापराच्या पोटात काय आहे ते कसे वाचायचे? त्यासाठी आपल्याकडचा कुंभार काय करतो ते आठवून पाहू. आणलेली माती तो नुसती वापरीत नाही. तिच्यात घोड्याची लीद आणि राख मिसळतो. निव्वळ चिकण माती वाळताना आकसते आणि तडकते. मिसळलेला पदार्थ तिला आवरून धरतो. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेर उडून जाते आणि माठातले पाणी गार होते. जुन्या कुंभारांनी ठिकठिकाणी निरनिराळे पदार्थ वापरले: वाळू, भाताचा कोंडा, शिंपल्यांचा चुरा, जुन्या खापरांचाच कूट. हे सगळे त्या तुकड्यात जागच्या जागी असते. कोंडा जळून गेला तरी त्याच्या दाण्याचा साचा राहतो.

घडवण्याचेही तसेच. खापराच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. चाकावर उठवलेले असेल तर एकाआड एक समांतर वळ्या लागतात, आणि बुडाशी सुताने कापल्याच्या वक्र रेघा दिसतात. मातीच्या वळकट्या एकीवर एक बसवून केलेले असेल तर क्ष-किरणांच्या छायाचित्रात सांधे उमटतात. आपला माठ तर दोन्ही मिळून असतो: तोंड आणि जाड अंग चाकावर, मग आत दगडाचा किंवा मातीचा गोळा धरून बाहेरून थापटण्याने चोपून तो वाढवतात. असे भांडे आतून खळग्याखळग्यांचे लागते. जाता जाता सांगतो, माती चाळणे, लीद-राख मळणे, मडकी वाळत घालणे ही कामे बहुधा घरातल्या बायका करतात, आणि मडके मात्र 'कुंभाराने केलेले' म्हणून विकले जाते.

राहिली आच. बहुतेक मातीत लोह असते. आव्यात हवा खेळती असेल तर ते लाल होते. हवा कोंडली आणि धूर साठला तर काळे. खापर मोडून पाहिले आणि कडा लाल पण मध्ये काळी पट्टी दिसली, तर समजावे की आवा लवकर विझला किंवा हवा आतपर्यंत पोहोचली नाही. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत बाहेरून लाल आणि आतून काळी अशी भांडी मिळतात. भांडे पालथे घालून आत हवा जाऊ दिली नाही तर असे दोन रंग एकाच भाजणीत येऊ शकतात. म्हणजे तो करणारा आगीवर हुकमत असलेला माणूस होता. आच किती अंशांची होती हेही शोधता येते. प्रयोगशाळेत तो तुकडा पुन्हा हळूहळू तापवतात. मूळच्या आचेपर्यंत त्याच्यात विशेष फरक पडत नाही. ती ओलांडली की तो नव्याने आकसू लागतो.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. वस्तू कोणी केली आणि श्रेय कोणाला गेले, हा आमच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. या शास्त्रातही तो वारंवार उभा राहतो, आणि जाणत्या माणसांचीही त्यात चूक झालेली आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतात पेकॉस नावाचे प्यूब्लो लोकांचे एक जुने गाव आहे. त्याचे उत्खनन १९१५ सालापासून किडर या नामांकित संशोधकाने केले. त्या काळी समज असा की, प्रत्येक गावातल्या बायका आपापल्या घरची भांडी आपणच करीत. मडके कोण कशाला विकत घेईल? अॅना शेपर्ड नावाच्या विदुषीने ती खापरे घेतली. खापराची चकती घासून घासून मिलिमीटरच्या शंभरात तीन भाग इतकी पातळ केली की प्रकाश तिच्यातून आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खनिज आपापल्या रंगाने ओळखू येते. शेपर्डबाईंना पुष्कळ भांड्यांत अशा खडकाचा चुरा दिसला, जो पेकॉसच्या आसपास मिळतच नाही. म्हणजे भांडी बाहेरगावाहून येत होती. काही गावे भांडी घडवण्यात तरबेज होती आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईक होते. 'घरची कामे' म्हणून ज्याची बोळवण झाली होती, तो चांगला चालता धंदा निघाला. हे निष्कर्ष ताबडतोब कोणी उचलून धरले नाहीत. पण शेपर्डबाईंचे १९५६ सालचे पुस्तक या विषयाचा पाया मानले जाते.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली आहे. पुदुच्चेरीजवळ समुद्रकाठी अरिकमेडू नावाचे ठिकाण आहे. मॉर्टिमर व्हीलर हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना १९४५ साली त्यांनी तेथे उत्खनन केले. त्यांना इटलीतील अरेझो येथल्या धर्तीच्या तांबड्या चकचकीत भांड्यांचे तुकडे सापडले. त्या भांड्यांचा काळ युरोपात पक्का ठाऊक होता: इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे. त्यामुळे त्याच थरातल्या देशी खापरांचाही काळ ठरला, आणि दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासाला तारखेची एक खुंटी मिळाली. व्हीलरसाहेबांचे हे काम फार मोठे आहे. या अरेझोच्या भांड्यांवर कारखान्याचा शिक्का असे, आणि कित्येकांवर मालकाच्या नावाबरोबर घडवणाऱ्या गुलामाचेही नाव असे. गुलामाचे नाव मालावर आणि दोन हजार वर्षांनी ते वाचता येते, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

पण त्याच उत्खननात दुसरी एक थाळी मिळाली. उथळ, काठ आत वळलेला, माती अतिशय तलम, अंगावर काळी तकाकी. आणि आत तळाशी दातेरी चक्र फिरवून उठवलेली बारीक टिंबांची वर्तुळे. इंग्रजीतले 'रूलेटेड' हेच नाव तिला पडले. ही दातेरी नक्षीची रीत भारतीय नव्हे, भूमध्य समुद्राकडून आलेली, असे व्हीलर यांचे मत पडले. आणि पुढे बरीच वर्षे या थाळीची गणना रोमन व्यापाराच्या खुणांत होत राहिली. इतकी सुबक वस्तू, तेव्हा ती बाहेरची किंवा निदान बाहेरच्याकडून शिकलेली, असा हा विचार. कारखान्यात यंत्र चांगले चालले तर परदेशी बनावटीचे कौतुक आणि बिघडले तर फिटरचा दोष, असे ऐकत मी वाढलो, त्यामुळे मला हा विचार ओळखीचा वाटतो.

विमला बेगली यांनी १९८०च्या दशकात अरिकमेडूचा पुरावा पुन्हा तपासला आणि ही थाळी रोमन मालाच्या आधीपासूनच प्रचारात होती असे दाखवले. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांचा मार्ग धरला. खापराची पूड करून तिच्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक खनिजाचे स्फटिक ते ठरावीक कोनांत परतवतात. त्या कोनांवरून पुडीत कोणकोणती खनिजे आहेत ते कळते. आणि निरनिराळ्या ठिकाणच्या मातीशी ते ताडून पाहता येते. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, या थाळ्यांची माती गंगेच्या मुखाकडची, बंगालातील चंद्रकेतुगड-तामलुक या भागातली आहे. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, श्रीलंकेत, एवढेच काय पण इंडोनेशियातील बाली बेटावर सेंबिरान येथे सापडलेल्या थाळ्याही याच जातीच्या. नेमके गाव कोणते यावर अजून चर्चा होऊ शकते. पण ती थाळी भारतीय कुंभाराची होती आणि भारतीय जहाजांच्या वाटेने हजारो मैल गेली, हे आता मान्य झाले आहे. पन्नास वर्षे ज्याचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, ते चिमूटभर पुडीने परत आणले.

मातीची ओळख पटवण्याचे याहूनही सूक्ष्म उपाय निघाले आहेत. अणुबाँबच्या कामाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या ओपनहायमर यांनी १९५६ साली सुचवले की अणुविज्ञानाचा उपयोग पुरातत्त्वाला करून पाहावा. आणि अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे खापराचा कण अणुभट्टीत न्यूट्रॉनांपुढे ठेवून त्यातील अत्यल्प मूलद्रव्ये मोजण्यात आली. लाखात एक भाग असलेले द्रव्यही त्यातून ओळखता येते, आणि त्यांचे प्रमाण म्हणजे त्या मातीचा अंगठाच.

खापराचे वयही त्याच्या पोटातूनच काढतात. मातीत आणि आसपास नैसर्गिक किरणोत्सर्ग चालू असतो. त्याची ऊर्जा मातीतल्या स्फटिकांच्या कणांत थोडी थोडी अडकून साठते. आव्यात भाजताना साठा एकदा रिकामा होतो, आणि त्या दिवसापासून नवा साठा सुरू होतो. प्रयोगशाळेत तो कण पुन्हा तापवला की साठलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपाने बाहेर पडते; तो उजेड मोजून वर्षे काढायची. वर्षांत पाच-दहा टक्के मागेपुढे होते, पण लबाडी पकडायला ही रीत फार चांगली. तुर्कस्तानातील हाजिलारची म्हणून जगातल्या संग्रहालयांनी विकत घेतलेली ६६ भांडी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तपासली. १९७१ साली जाहीर झाले की त्यांतली ४८ नकली होती.

आणि भांड्यात काय शिजत होते? मडके सच्छिद्र असल्याने तेल, चरबी, दूध त्याच्या अंगात मुरते. आपल्या आया दुधाचे मडके दुसऱ्या कशाला वापरू देत नसत, ते याचसाठी. ही मुरलेली स्निग्धता हजारो वर्षे टिकते. ती काढून तपासली की दुधाची आणि चरबीची स्निग्धता वेगळी ओळखता येते. कच्छमधील कोटडा भाडली या हडप्पा काळातल्या वस्तीतली खापरे अशी तपासली तेव्हा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुभत्याचा पुरावा मिळाला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला.

एवढे सांगितल्यावर एक इशारा देणे भाग आहे, कारण या खापरांवरून लोक भलत्याच गोष्टी सिद्ध करायला निघतात. अमुक रंगाची खापरे मिळाली म्हणजे अमुक वंशाचे लोक, तमुक नक्षी म्हणजे तमुक जमात. हस्तिनापूरला १९५०-५२ साली बी. बी. लाल यांनी उत्खनन केले आणि तेथील राखी रंगाच्या चित्रित भांड्यांचा संबंध महाभारताच्या काळाशी जोडला; त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. त्या वादात मी पडत नाही. एवढेच विचारतो की, आज आपल्या गावात ब्राह्मणवाड्यापासून मोहल्ल्यापर्यंत प्रत्येक घरात सारखाच स्टीलचा पेला आहे; उद्या कोणी तो खणून काढला तर त्यावरून आपली जात, धर्म, भाषा यांपैकी काय कळेल? पेला कसा केला, कोठल्या धातूचा केला आणि कोठवर विकला गेला, एवढे नक्की कळेल. खापराला त्याच्या कामाविषयी विचारावे. त्याला कुळ विचारले की विचारणाऱ्याच्या मनातलेच उत्तर मिळते.

आपल्या महाराष्ट्राच्या खापरांविषयी आता थोडे सांगून थांबतो. संगमनेरजवळ प्रवरेच्या खोऱ्यात जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे खणले आणि एका सुंदर लाल भांड्याला त्या गावाचे नाव मिळाले. चाकावर केलेले, पातळ, उत्तम भाजलेले. वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. टिचकी मारली तर खणखणते. पोटाला धारदार बाक असलेली वाटी आणि लांब तोटीची चंबूसारखी भांडी ही त्यातली ओळखीची. पुढे घोड नदीकाठी पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ खोदाई झाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले ते शेतकऱ्यांचे गाव. तेथे घरे सापडली, कुंभाराची भट्टी सापडली. लहान मूल दगावले तर दोन मोठी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरलेले सापडले. गावाच्या मध्यभागी प्रमुखाचे मोठे घर होते. कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांची घरे गावाच्या पश्चिमेच्या कडेला होती, असे डॉ. ढवळीकर यांनी दाखवले आहे. हे वाचताना आमच्या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडची चाळ माझ्या डोळ्यांपुढे आली, हे मी लपवीत नाही.

काही वर्षांपूर्वी युनियनच्या पंधरा-वीस सभासदांना घेऊन मी पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो होतो. त्यांत कौलांच्या कारखान्यातले माझे एक जुने सोबती, जन्माने कुंभार, होते. मंडळी पुढे गेली. हे तोटीच्या भांड्यापाशीच उभे. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "तोटी मागाहून बसवलीय बघा, साहेब. अंग जरा सुकू दिलंय, मग लावलीय. घाई केली असती तर इथं चीर गेली असती." मी म्हटले, तीन हजार वर्षांवरचे आहे ते. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने काचेला नाक लावून त्यांनी विचारले, "असली दिवसाला किती काढत असेल हो तो?"